अडकलेली कडी

औंधहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज पापड-लोणच्याचं नाही, गाडीच्या शॉकअपचं बोलायचंय.

आमच्या गटाची एक जुनी मोटारसायकल आहे. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून आम्ही तिच्यावरून डेअरीला दूध घालतो. पावसाळा सरला आणि ओझं ठेवलं की गाडी मागून बसायला लागली. एका सकाळी खड्ड्यात चाक मडगार्डला घासलं आणि गाडी कलंडली. चालवणारीच्या गुडघ्यावर निभावलं, पण दूध मातीत गेलं. त्या आठवड्याचा हप्ता घरच्या डब्यातून भरावा लागला.

एकाने सांगितलं, दोन्ही शॉकअप नवे टाका. एवढा पैसा आणायचा कुठून? मग आम्हीच खाली बसून बघितलं.

मागच्या शॉकअपला बाहेर स्प्रिंग असते आणि आत तेलाची नळी. स्प्रिंग धक्का झेलते, तेल तिचं उसळणं आवरतं. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यांची एक कडी असते, बहुतेक गाड्यांना पाच पायऱ्या. कडी फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी ओझ्याने कमी बसते. एकटीला खालची पायरी पुरते, ओझं असलं की वरची लागते. आमची कडी चिखलाने आणि गंजाने खालच्याच पायरीवर धरून बसली होती.

पहिली चूक आम्हीच केली. छिन्नी लावून हातोडा मारला आणि कडीची खाच उडाली. म्हणून सांगतो, असं करू नका.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, म्हणजे स्प्रिंगवरचं ओझं उतरतं. चिखल धुवा, वाळू द्या, तारेच्या ब्रशने गंज खरवडा. टायरवर आणि ब्रेकच्या बाजूला फडकं बांधा. तेल तिथे गेलं तर ब्रेक लागणार नाही, आणि ते जिवावरचं काम आहे. मग कडीच्या फटीत गंज सोडवणारं तेल थेंबथेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोका. गाडीबरोबर मिळणारा वाकड्या तोंडाचा पाना खाचेत बसवून जरा पुढे, जरा मागे असं करा. हाताला जाड फडकं गुंडाळा, पाना निसटला तर बोटं सोलतात. नाही हलली तर पुन्हा तेल आणि पुन्हा रात्र. आमची डावी कडी दुसऱ्या दिवशी सुटली, उजवी चौथ्या दिवशी. दोन्ही तिसऱ्या पायरीवर ठेवल्या. दोन्हीकडे पायरी सारखीच हवी, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

तीन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. कडी तापवायची नाही, आत तेल आणि रबर असतं. स्प्रिंग घरी उघडायची नाही, दाबलेली स्प्रिंग उडून तोंडावर येते. आणि नळीतून तेल गळत असेल तर कडीच्या नादी लागू नका, तो शॉकअप बदलावाच लागतो. कडी वर चढवली म्हणून गाडीची ताकदही वाढत नाही. किटल्या मापातच ठेवा.

आम्ही पाना धरला तेव्हा काही जण हसले. आम्हाला किर्लोस्करवाडी आठवली. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळावर जागा दिली आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, असं तेव्हा लोक म्हणत. पुढे तोच नांगर घरोघर गेला. त्याच वाडीतून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. लोखंड आणि बाई, दोन्ही या मातीला नवी नाहीत.

आता आम्ही दर पावसाळ्यानंतर कडी सगळ्या पायऱ्यांवरून फिरवतो आणि ग्रीसचा हात देतो. गटाच्या वहीत तारीख लिहितो. तुमच्या गाडीची कडी आज फिरते का, तेवढं बघा. यमाईच्या कृपेने दूध डेअरीपर्यंत सुखरूप पोचू दे.