पायऱ्यांवरचा दरबार

ज्या सालीं रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्याच सालीं, म्हणजे इ. स. १६७४ च्या ऑगस्ट महिन्यांत, युरोपांत सेनेफ येथें घनघोर लढाई झाली. एका बाजूस फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचें सैन्य, दुसऱ्या बाजूस डच, स्पॅनिश व जर्मन बादशहा यांच्या एकत्र झालेल्या फौजा. हजारों माणसें पडलीं, परंतु निकाल नीटसा लागला नाहीं. तरीही फ्रेंच सेनानी कोंदे याचें व्हर्सायच्या राजवाड्यांत विजयी वीर म्हणून स्वागत झालें. तो प्रसंग जाँ लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकारानें इ. स. १८७८ मध्यें रंगविला.

श्रोतेहो, चित्र फार मोठें नाहीं. उंची सुमारें तीन फूट, रुंदी साडेचार फूट. त्यांत एक भव्य जिना आहे. वरच्या टोकाला दरबाऱ्यांसह राजा उभा आहे. खालून कोंदे मस्तक लववून वर येत आहे. शत्रूकडून हस्तगत केलेलीं निशाणें व दाटीनें उभे असलेले लोक यांनीं जिना भरून गेला आहे.

या वांकलेल्या मस्तकाचा अर्थ कळण्यास कोंदेचें पूर्ववृत्त ठाऊक पाहिजे. हा राजाच्याच कुळांतला. इ. स. १६४३ मध्यें, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें रोक्रुआ येथें स्पॅनिश फौजेचा पराभव केला. पुढें लुई अल्पवयी असतां फ्रान्समध्यें यादवी माजली. त्यांत कोंदे बंडखोरांस मिळाला आणि कित्येक वर्षें त्याच स्पेनच्या बाजूनें आपल्या राजाविरुद्ध लढला. इ. स. १६५९ च्या तहानें त्यास क्षमा मिळाली. म्हणजे या जिन्यावर एका काळचा बंडखोर आणि त्याचा धनी समोरासमोर येत आहेत.

आख्यायिका अशी आहे कीं, संधिवातानें जर्जर झालेल्या कोंदेनें आपल्या मंद गतीबद्दल क्षमा मागितली. तेव्हां राजा म्हणाला कीं, यशाच्या इतक्या भारानें लवलेला मनुष्य जलद कसा चालेल? उत्तर मोठें गोड आहे. पण राजा जिन्याच्या टोकापर्यंत आला, खालीं उतरला नाहीं, हें जेरोमनें विसरूं दिलेलें नाहीं. दोघांमधल्या त्या मोकळ्या पायऱ्या हाच चित्राचा खरा विषय. गौरव पुरेपूर झाला, आणि त्याच वेळीं ज्याला त्याला आपली पायरीही कळली.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हा जिना इ. स. १६७४ मध्यें पुरा झालेलाच नव्हता. त्याचें काम पुढें पांचेक वर्षांनीं संपलें, आणि इ. स. १७५२ मध्यें तो पाडूनही टाकला गेला. जेरोमनें तो जुन्या खोदचित्रांच्या आधारें पुन्हां उभा केला. तेव्हां हें चित्र इतिहासाची साक्ष नव्हे. इतिहास कसा दिसावा याविषयींची ती एक कल्पना आहे.

चित्र रंगविलें गेलें तेव्हां फ्रान्समध्यें राजा उरला नव्हता, आणि इ. स. १८७०–७१ च्या पराभवाची जखम ओली होती. चित्र तर अमेरिकेंतील धनिक व्हँडरबिल्ट यानें घेतलें, आणि इ. स. २००४ मध्यें तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आलें. राजा गेला, जिनाही गेला. पण वर उभा राहून क्षमा करणारा आणि खालून वर येऊन ती स्वीकारणारा, हें नातें मात्र ज्यानें त्यानें आपल्या भोंवतीं पाहावें.