एका खोलीत किती खाटा?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे इस्पितळ. अमेरिकेत मात्र परावलंबी वृद्धांच्या शुश्रूषागृहाला तसे म्हणतात. आपली अनेकांची मुले तिकडे स्थायिक आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

फेब्रुवारी २०२० मध्ये सिएटलजवळच्या कर्कलंड येथे अशाच एका गृहात करोनाची साथ उघडकीस आली. पुढे देशभरात अशा गृहांतले दीड लाखाहून अधिक रहिवासी दगावले. वय हे कारण खरेच. पण म्हातारे तर सगळ्याच गृहांत होते. तरीही जिथे कृष्णवर्णीय व लॅटिनो रहिवासी जास्त, तिथे लागण अधिक झाली.

ही गृहे प्रामुख्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेवर चालतात. दहातल्या सुमारे सहा रहिवाशांचा खर्च तीच उचलते. (यात आयुष्यभराची पुंजी या गृहांतच संपवून बसलेले मध्यमवर्गीयही आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे.) योजनेचा दर कमी, म्हणून एका खोलीत दोन-तीन खाटा आणि सेविका मोजक्याच. पगार इतका तुटपुंजा की बाई सकाळी एका गृहात, रात्री दुसऱ्या. ताप आला तरी रजा परवडत नाही. सिएटल भागातल्या साथीच्या तपासात मार्च २०२० मध्येच हे नोंदले गेले होते.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तास सेवेचा नियम केला. २०२५ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने तो रद्द ठरवला. माणसेच मिळत नाहीत, असे मालकांचे म्हणणे. त्या पगारात मिळतील तरी कशी?