टाऊन हॉलमधला करंडक
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



६ डिसेंबरला बोरगाव मेघेतून, वर्ध्यातून माणसं चैत्यभूमीला जातात. आम्हीही जात आलो. दादरला उतरायचं, रांगेत लागायचं, पुस्तकं घ्यायची नि परतीची गाडी धरायची. फोर्टातला टाऊन हॉल आपल्या वाटेत येत नाही. पण तिथं आपली एक ठेव आहे, म्हणून आज त्याविषयी बोलायचं.

ही इमारत १८३३ साली पुरी झाली. लॉटरी काढून जमवलेला पैसा पुरला नाही, शेवटी कंपनी सरकारनं भर घातली. समोर जाड दगडी खांब, तीस पायऱ्या. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आत एशियाटिक सोसायटी आणि तिचं ग्रंथालय. संस्था १८०४ ची, पण पहिला भारतीय सभासद, माणकजी कर्सेटजी, घ्यायला १८४० साल उजाडलं. विद्येचं दार कसं उघडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याला एक टेकाड खणलं. लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. निघाला स्तूप! मधोमध मोठी गोल दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती कांस्याच्या ८ मूर्ती: सात बुद्ध आणि पुढं येणारे मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि सोन्यात जपलं काय? मातीच्या भांड्याचे १३ बारके तुकडे. भगवानलालांनी ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही त्यात मिळालं.

हे सारं टाऊन हॉलात, सोसायटीकडे आलं. कोणी म्हणेल, स्तूपातून हलवायलाच नको होतं. आम्हाला तसं वाटत नाही. उघड्या टेकाडावर ते टिकलं नसतं. पण शंभरावर वर्षं ते तिथं आहे आणि आपल्या घराघरांत त्याची खबर नाही, हे मात्र खटकतं.

बुद्धपौर्णिमेच्या निमित्तानं करंडक लोकांना पाहायला मांडल्याचंही झालं आहे. एरवी आधी चौकशी करूनच जावं. दादरहून लोकलनं सी.एस.एम.टी., तिथून हॉर्निमन सर्कलपर्यंत पायी. म्हाताऱ्यांना पायऱ्या जड जातील, हात धरून न्यावं. एक दिवस जास्त काढला तर नालासोपाऱ्याचा स्तूपही पाहून होतो.

जयभीम.