सेकंदाचा शंभरावा भाग

पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी कमी वेळ म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. माणसाच्या डोळ्यास तो दिसत नाहीं. परंतु एवढ्याशा अंतरानें ८ ऑगस्ट १९८४ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें एका वीस वर्षांच्या भारतीय मुलीचें ऑलिंपिक पदक हुकलें. ती मुलगी म्हणजे केरळची पी. टी. उषा. तिच्या उत्कर्षांत तिच्या पायांइतकाच, त्या पायांकडे वेळेवर लक्ष देणाऱ्या माणसांचाहि वाटा आहे. म्हणून ती हकीकत श्रोत्यांनीं, आणि विशेषतः मुलींच्या पालकांनीं, ऐकण्यासारखी आहे.

उषेचा जन्म २७ जून १९६४ चा. तिचें बालपण कोळिकोड जिल्ह्यांत, पय्योळी या समुद्रकांठच्या गांवीं गेलें. घरची स्थिति बेताची आणि मुलीची प्रकृतीहि नाजूक. चौथीच्या वर्गांत असतांना तिनें वरच्या वर्गांतील, शर्यती जिंकणाऱ्या मुलीस मागें टाकलें, असें सांगतात. अशीं चपळ मुलें गांवोगांवीं असतात. शर्यत संपते, टाळ्या वाजतात, आणि पुढें त्यांचें नांवहि ऐकूं येत नाहीं. उषेचें तसें झालें नाहीं. कारण १९७६ सालीं केरळ सरकारनें कण्णूर येथें मुलींसाठीं क्रीडाशाळा काढली आणि तींत तिची निवड झाली. तेथेंच तिला ओ. एम. नंबियार हे गुरु लाभले. हे गृहस्थ हवाई दलांत नोकरी केलेले. या मुलीचा सडपातळ बांधा व चालण्यांतील झपाटा त्यांच्या नजरेंत भरला, आणि तिला घडविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें.

फळ एका दिवसांत पिकत नाहीं. १९८० सालीं मॉस्को येथील ऑलिंपिकमध्यें सोळा वर्षांची उषा पहिल्याच फेरींत मागें पडली. दोन वर्षांनीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत तिनें १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींत रौप्यपदकें मिळविलीं. १९८४ सालीं स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्यें प्रथमच सुरू होणार होती. दहा अडथळे ओलांडीत, पावलांचा हिशेब न चुकवितां धांवावयाचें, असा तो खेळ. उषेची ढांग त्यास साजेशी आहे हें नंबियार यांनीं ओळखलें. या शर्यतीचा तिचा अनुभव मात्र अगदीं थोडा होता.

तरीहि उपान्त्य फेरी तिनें ५५.५४ सेकंदांत जिंकली. अंतिम शर्यतींत मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल पहिली आली व अमेरिकेची जूडी ब्राउन दुसरी. रोमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूस लागले ५५.४१ सेकंद, उषेला ५५.४२. धांवण्याच्या शर्यतींत हात, पाय किंवा डोकें आधीं पोंचून उपयोग नसतो. धड रेषेवर केव्हां आलें तें पाहतात. म्हणून शेवटच्या पावलास छाती पुढें झोंकावयाची असते. तेथें उषा किंचित् कमी पडली, असें मानतात. ही गोष्ट अनेक मोठ्या शर्यतींच्या सरावानेंच अंगवळणीं पडते. तो सराव तिला मिळालेलाच नव्हता.

अशा प्रसंगानंतर पुष्कळांचें मन खचतें. उषेनें दुसऱ्याच वर्षीं, १९८५ सालीं, जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत पांच सुवर्णपदकें व एक कांस्यपदक मिळविलें. १९८६ सालीं सोलच्या आशियाई सामन्यांत भारताच्या वांट्यास एकंदर पांच सुवर्णपदकें आलीं. त्यांपैकीं चार उषेच्या धांवण्याचीं होतीं. त्यांत एक सांघिक शर्यतीचें असल्यानें तिच्या तिघी सोबतिणींचाहि वांटा आहे.

पुढें २००२ सालीं तिनें कोयिलांडी येथें मुलींसाठीं धांवण्याची शाळा सुरू केली. जें आपणांस कण्णूरला मिळालें, तें दुसऱ्या मुलींस मिळावें, हाच त्या कार्याचा अर्थ. २०२२ सालीं भारतीय ऑलिंपिक संघाच्या अध्यक्षपदावर तिची निवड झाली. त्या पदावर बसणारी ती पहिलीच स्त्री.

लॉस एंजेलिसचा ५५.४२ सेकंदांचा तो आंकडा भारतीय स्त्रियांचा विक्रम म्हणून टिकून राहिला. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्यें चीनमधील हांगचौ येथें कोइमतूरच्या विद्या रामराज हिनें त्याची बरोबरी केली. तिलाहि नेमके ५५.४२ सेकंदच लागले. एक विक्रम एकोणचाळीस वर्षें अढळ राहावा, ही उषेच्या थोरवीची साक्ष खरी. परंतु एवढ्या मोठ्या देशांत इतक्या वर्षांत दुसरी मुलगी तेथवर पोंचूं नये, याचा जाब उषेला नव्हे, देशाला द्यावा लागेल. चपळ मुली पूर्वींहि होत्या, आजहि आहेत. त्यांच्यासाठीं एखादें मैदान, एखादी शाळा आणि पाहणारा एखादा शिक्षक जेथें असेल, तेथें पुढची उषा उगवेल.