चावी काढल्यानंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी चालू असताना आवाज आला तर माणूस लगेच कान टवकारतो. पण चावी काढली, दार लावलं आणि मग गाडीनं आवाज काढला, की त्याची पंचाईत होते. बंद केलेली वस्तू गप्प बसावी, अशी आपली साधी अपेक्षा असते. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, त्याला तीस वर्षं होऊन गेली. ही तक्रार घेऊन येणारी मंडळी आवाजाचं वर्णन करत नाहीत, आवाज काढूनच दाखवतात. कुणी जीभ टाळूला लावून टिकटिक करतो, कुणी गुळण्या केल्यासारखी गुडगुड. निवृत्त हेडमास्तर समोर उभे राहून 'सूंऽऽ' करायला लागले, की माझी पोरं हातातले पाने खाली ठेवून तोंड फिरवतात. मी हसत नाही. निम्मं निदान त्या नकलेतच असतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी दोन प्रश्न विचारतो : इंजिन बंद केल्यावर किती वेळानं येतो, आणि किती वेळ टिकतो?

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते टिकटिकीला, आणि तीच सगळ्यात निरुपद्रवी. सायलेन्सरचा पाइप चालत्या गाडीत शेकडो अंश तापतो. एक मीटर लांबीचा साधा पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला, तर साडेतीन मिलिमीटरनं लांब होतो. गाडी थांबली की तो पुन्हा आखडतो, आणि क्लॅम्पवर, पत्र्याच्या आच्छादनावर घसरत टिक-टिक करतो. उन्हानं तापलेले घराचे पत्रे संध्याकाळी वाजतात, तसंच. आवाज हळूहळू विरळ होत दहा-पंधरा मिनिटांत थांबला, तर खुशाल झोपा. चालत्या गाडीतही तिथूनच खडखड येत असेल, तर मात्र पत्रा सैल झालाय.

दुसरा आवाज पंख्याचा. 'साहेब, गाडी बंद आहे आणि आत काहीतरी फिरतंय!' बरोबर आहे. इंजिन थांबलं की पाणी फिरवणारा पंपही थांबतो, पण लोखंडातली उष्णता कुठं जाणार? ती जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्यात उतरते आणि पुढची काही मिनिटं पाणी उलट जास्त तापतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत विजेचा पंखा चावी काढल्यावरही थोडा वेळ फिरतो. काहींत तो थांबून पुन्हा आपोआप सुरू होतो. तेव्हा बोनेट उघडून तिथं बोटं घालू नका. थंडीच्या सकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात आणि तरी पंखा थांबेना, तर रिले चिकटलाय किंवा सेन्सर गेलाय. सकाळपर्यंत बॅटरी उतरलेली सापडेल.

आता गुडगुड. इथं मला जरा थांबायचंय, कारण याच आवाजाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात.

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, ती कुकरची शिट्टी आहे. त्याच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांना न उकळता १२०च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा कूलंट कमी झालं, की हा दाब टिकत नाही. गाडी धावताना वारा लागतो, पाणी फिरतं, सगळं निभावतं. पण वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला तुम्ही गाडी उभी केलीत, की मघाशी सांगितलेली ती उरलेली उष्णता पाण्यात उतरते, आणि ते उकळतं. तीच गुडगुड. काटा तर नॉर्मलवर होता, असं सगळे म्हणतात. असेलही. पण चावी काढल्यावर बहुतेक गाड्यांत काटाही खाली पडतो. खरा ताप चढतो त्या मिनिटांना सांगायला काटा नसतो, कानच असतो.

माझ्याकडे एक शिक्षक दांपत्य आलं होतं. महिनाभर रोज संध्याकाळी गाडी लावली की गुडगुड. बाईंनी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली होती, किती मिनिटं चालते तेही वहीत लिहिलं होतं. झाकण बदललं, कूलंट भरलं, काही शेकड्यांत काम झालं. त्याच आठवड्यात दुसरी एक गाडी दोरीनं ओढून आली. आवाज तोच, पण मालकानं तो दोन महिने ऐकला आणि सोडून दिला. इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं, ऑइलमध्ये पाणी जाऊन त्याची कॉफी झाली होती. बिल कितीतरी हजारांत.

पण पैसे गेले तर जातात. त्या गाडीबरोबर आलेल्या पोरानं घाटात गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. दाब सुटला की १०० अंशांच्या वरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन बाहेर येतं. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. विशीतला ड्रायव्हर, पुढं दोन महिने कामावर नव्हता. म्हणून सांगतो, गुडगुड ऐकू आली तर काहीही उघडू नका. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, बोनेटला हात लावता येईल इतकं निवू द्या. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. आणि निवाल्यावर कूलंट कमी दिसलं, खाली गळतीचा डागही नाही, तर ते इंजिनच पितंय. गाडी पुढं नेऊ नका.

जुन्या लोकांना आणखी एक आवाज आठवेल. चावी काढूनही प्रीमियर पद्मिनी धडधडत, खोकत राहायची. आत साचलेली काजळी निखाऱ्यासारखी लाल व्हायची आणि कार्ब्युरेटरमधून येणारं पेट्रोल त्यावरच पेटायचं. टॅक्सीवाले गिअर टाकून क्लच सोडायचे की ती गप्प. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी गेली. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी काढली की पेट्रोलच बंद होतं, त्यामुळे हा आवाज संपला. डिझेलचं तसं नाही. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळतं, आणि चावी काढली तरी धूर सोडत वाढत जातं. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, बंद पडेल. ते किंचाळायलाच लागलं असेल, तर बोनेटवर न वाकता लांब व्हा.

राहिली ती 'सूंऽऽ'. एसी चालू होता आणि डॅशबोर्डच्या मागून मिनिटभर फुसफुसलं, तर तो गॅसचा दाब समान होतोय, काही नाही. ब्रेकच्या पेडलजवळून येत असेल, तर एक परीक्षा करा. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पेडल दाबा. पहिल्याच दाबाला ते दगडासारखं लागलं, तर बूस्टरची हवा कुठंतरी फुटलीय; गाडी तशीच घाटात घालू नका. आणि सीएनजीची गाडी असेल, तर बंद करताना होणारी एखादी 'टक' ही व्हॉल्व्हची आहे. पण सूं आणि वास एकदम आले, तर पुन्हा स्टार्टर मारू नका, गॅरेजमधल्या दिव्याचं बटणही दाबू नका. सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, शटर पूर्ण वर करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर अंगणात उभे राहा. हा व्हॉल्व्ह आपल्या गाडीत नेमका कुठं आहे, ते आज दुपारी उजेडातच बघून ठेवा. डिकीतल्या सामानाखाली तो बहुतेकांना सापडत नाही.