परक्या पोराचे ताट
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला "बाबासाहेबांचे परदेशातील शिक्षण" हा विषय दिला आहे. बाबासाहेब किती शिकले, कोणत्या पदव्या मिळवल्या, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. म्हणून आज आम्ही पदव्यांवर बोलणार नाही. परमुलखातून आलेला पोरगा विद्यापीठात राहतो कुठे, जेवतो कुणाबरोबर, आणि त्याच्याशी बोलतं कोण, एवढ्यावरच बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण तो आपल्या विहाराच्या कामाचा आहे.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरी एडमंड्स नावाचा एक कार्यकर्ता ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून चालला होता. समोरून एक चिनी विद्यार्थी आला. एडमंड्स त्याला सहज "नमस्कार" म्हणाला आणि पुढे निघाला. पोरगा जागीच थांबला. म्हणाला, या शहरात येऊन मला तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. लाखोंच्या शहरात तीन आठवडे माणूस मुका! एडमंड्स घरी गेला, बायकोला सांगितलं. दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. चहा, जेवण, गप्पा. त्यातून विद्यार्थ्यांचा क्लब झाला, रविवारच्या सामुदायिक जेवणाची प्रथा पडली आणि १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये "इंटरनॅशनल हाऊस" हे मोठे वसतिगृह उभे राहिले. पैसा रॉकफेलरने दिला. पण सुरुवात पैशाने झाली नव्हती, एका नमस्काराने झाली होती.

आता बघा. त्या पायऱ्यांवरच्या भेटीनंतर चारच वर्षांनी, १९१३ च्या जुलैमध्ये, बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. पहिले काही दिवस ते विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले. मग कॉस्मोपॉलिटन क्लबने चालवलेल्या घरात, जिथे काही हिंदी विद्यार्थी आधीच होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे त्यांच्या सोबतीला नवल भथेना हे पारशी गृहस्थ होते. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. वसतिगृहातल्या एका खोलीची किंमत यावरून कळते.

शाळेत ज्याला वेगळं बसवलं, ज्याला पाणी वरून ओतून दिलं, तो मुलगा इथे सर्वांच्या पंगतीला बसला. एकच टेबल, एकच पेला. बंधूंनो, ही समता त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी ताटावर अनुभवली. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. गावात ज्याला तोंड उघडायची बंदी, त्याचं म्हणणं तिथे विद्वानांनी कान देऊन ऐकलं. आयुष्यातले आपले उत्तम मित्र कोलंबियाचे सहाध्यायी आणि डुई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन हे गुरुजन आहेत, असं बाबासाहेब पुढे सांगत. त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना मानाची डॉक्टरेट दिली.

काही जण म्हणतील, ही सगळी गोऱ्यांची रीत. नाही. ही आपली रीत आहे, आपण ती विसरलो. समुद्रगुप्ताच्या काळात सिंहलद्वीपाचे भिक्खू बोधगयेला आले. त्यांना उतरायला धड जागा मिळेना. परत जाऊन त्यांनी राजा मेघवर्णाला गाऱ्हाणं सांगितलं. मेघवर्णाने समुद्रगुप्ताकडे नजराणा पाठवून परवानगी घेतली आणि बोधिवृक्षाजवळ सिंहली भिक्खूंसाठी विहार बांधला. म्हणजे त्या चिनी पोराचं दुःख दीड हजार वर्षांपूर्वीचंच. आणि त्यावरचा उपाय विहार हाच होता.

नालंदा तर सर्वांना माहीत आहे. सातव्या शतकात चीनहून ह्युएनत्संग आला. प्रवेश सोपा नव्हता. दारावरच प्रश्न विचारत आणि दहातले सात-आठ परत जात. पण आत घेतलेल्या पाहुण्याची बडदास्त बघा. सुपाऱ्या, जायफळे, कापूर आणि खास महाशाली तांदूळ, असा रोजचा शिधा त्याला ठरवून दिला होता. महास्थविर शीलभद्र वयाने फार मोठे, तरी त्यांनी या परदेशी शिष्याला स्वतः शिकवलं. पुढे नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला आणि पालराजा देवपालाने त्याच्या खर्चासाठी पाच गावं दिली. त्याचा ताम्रपट नालंदेच्या उत्खननात सापडला आहे.

आता आमच्यासारख्या कामगाराच्या मनात प्रश्न येतो, हा शिधा पिकवला कुणी? गावांनी. ह्युएनत्संगाच्या चरित्रात लिहिलं आहे की, नेमून दिलेल्या गावांतली घरं रोज तांदूळ, लोणी, दूध पोचवत. तांदूळ पिकवणाऱ्याचं नाव इतिहासात नाही, पण नालंदा त्याच्याच जोरावर चालली. म्हणून वस्तीतल्या माणसाने असं समजू नये की विद्यापीठाशी आपला काय संबंध.

अर्थात पाहुण्याला जागा देणं सर्वांना रुचतं असं नाही. अमेरिकेत बर्कलीला १९३० साली असंच वसतिगृह उघडलं. तिथले घरमालक परदेशी आणि काळ्या विद्यार्थ्यांना खोल्या देत नव्हते. सर्व वर्णांची मुलं-मुली एका छपराखाली राहणार म्हणून मोठा विरोध झाला. तरी एडमंड्स हटला नाही. इमारत त्याने त्याच नाकं मुरडणाऱ्या वस्तीत बांधली.

आज आपली मुलंही शिष्यवृत्त्या घेऊन परदेशी जातात. अभिमान आहे. पण जात त्यांच्या आधीच विमानात बसून तिथे पोचली आहे. आडनाव विचारून अंदाज घेणारे तिथल्या खोल्यांतही भेटतात. म्हणूनच अमेरिकेच्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावबंदीच्या नियमांत जातीचा उल्लेख घातला. लढून मिळालेली ही गोष्ट आहे. पण नियम भेदाला अडवतो, तो घासाला सोबत देत नाही. ते काम माणसांनीच करावं लागतं.

म्हणून समितीपुढे आमची मागणी साधी आहे. आपल्या शहरात विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. बाहेरदेशचे भिक्खू आणि अभ्यासकही येतात. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक पंगत बसवा. पाळीपाळीने चार-चार घरांनी भाकरी-भाजी करावी. आलेल्या मुलाला जात, पगार, मार्क विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा. मग त्यालाच महिन्यातून एकदा इथे उभं करा आणि तो काय शिकतो ते आपल्याला समजावून सांगू द्या. आपल्या पोरांना घरबसल्या विद्यापीठ दिसेल आणि त्याला कान देणारी माणसं मिळतील.

वर्धापनदिनाला रंगरंगोटी झाली, पताका लागल्या, छान झालं. पण पुढच्या वर्षी या दिवशी आपण हिशेब मांडू तो असा असावा: किती परकी पोरं आपल्या पंगतीला बसली? भिंती वाढण्यापेक्षा पंगत वाढली तर विहार वाढला असं आम्ही समजू.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम! नमो बुद्धाय!