निसर्गाची चार बले



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात पदार्थविज्ञानावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा क्षणभर संकोच वाटला. तो दूर केला माझ्या नातीने. बेळ्ळंदूरच्या आमच्या घरी लोहचुंबकाने टाचणी उचलून तिने विचारले, “आजोबा, ही खाली का पडत नाही?”

टाचणीला खाली ओढते अवघी पृथ्वी. वर धरतो बोटभर चुंबक. तरीही जिंकतो चुंबकच! गुरुत्वाकर्षण हे चार मूलभूत बलांपैकी सर्वांत दुबळे. विद्युतचुंबकीय बल त्याहून कितीतरी समर्थ. अणुरेणूंची आणि आपल्या कायेची बांधणी त्याचीच. तिसरे प्रबल बल एकमेकांना दूर लोटणाऱ्या प्रोटॉनांना अणुगर्भात एकत्र राखते. चौथे क्षीण बल सूर्याच्या गाभ्यात प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर घडविते. ते क्षीण आहे म्हणूनच सूर्य एकदम भडकून न जाता अब्जावधी वर्षे तेवतो.

ही चार बले मुळात एकच असतील काय? विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांचे नाते ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी उलगडले. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रबल बलही त्याच कुळातले असेल, तर प्रोटॉन अमर नाही, तो कधीतरी विघटन पावेल, असे भाकीत पुढे आले.

त्याची परीक्षा झाली ती येथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक तेथे जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह काम करीत होते. विश्वकिरणांचा मारा जेथे जवळजवळ थांबतो, अशा खोलीवर १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना मिळाल्या. पुढे १९८०च्या अखेरीस, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, १४० टनांचे उपकरण प्रोटॉनच्या मृत्यूची वाट पाहू लागले. काही संशयित घटना नोंदल्याही गेल्या. पण जपानमधील कितीतरी मोठ्या उपकरणांनी त्यांना दुजोरा दिला नाही. प्रोटॉनचे विघटन अद्याप कोणी निश्चितपणे पाहिलेले नाही. खाणही २००१ साली बंद झाली. तरी मी त्या प्रयत्नाला वाया गेलेला म्हणणार नाही. ‘दिसले नाही’ हे प्रामाणिकपणे सांगणे हेही ज्ञानच, कारण त्यानेच एकीकरणाचे काही सोपे मार्ग बंद झाले.

याच शास्त्रात आपल्या घरची एक व्यक्ती अग्रणी होती. १९५२ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले १९९५ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. अतिशय ऊर्जावान प्रकाशकण एकमेकांवर आदळले, तर ते क्वार्कांनी भरलेल्या कणांसारखे वागू शकतात, हे त्यांनी मानुएल ड्रीस यांच्यासह दाखविले. पुढील कणवेगकांच्या आखणीत ही गोष्ट विचारात घ्यावी लागते. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथही त्यांनी सहसंपादित केला. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या निवर्तल्या.

बंधुभगिनींनो, आपली मुले शाळेत विज्ञान इंग्रजीत शिकतात. आपण त्यांना मराठीत सण शिकवितो, गाणी शिकवितो. शंका मात्र मराठीत विचारू देत नाही. मग ही भाषा त्यांना केवळ नैवेद्याची वाटू लागते. म्हणून मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ मुलांच्या ‘का?’साठी राखावी, एवढीच विनंती. पहिल्या सभेला चुंबक आणि टाचणी मी आणीन. प्रश्न माझी नात आणील.